गर्भारपणात अँटिबायोटिक: गोळी कोणती आणि आठवडा कितवा?

पाळी चुकून आठवडा उलटतो न उलटतो, तोवर पोटातल्या गर्भाचं हृदय हलायला लागलेलं असतं. त्यानंतर आठवडाभरात, मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून तयार होतात ती नळी दोन्ही टोकांना बंद होते. गर्भाची लांबी तेव्हा जेमतेम चार-पाच मिलिमीटर असते. दिवस गेलेत याची आईलाही अनेकदा खात्री नसते. बेळगावजवळच्या खानापूर भागात भातलावणीची घाई असेल, तर पाळी थोडी पुढं गेली याकडं कुणाचं लक्षही जात नाही.

नेमक्या याच दिवसांत लघवीची जळजळ सुरू होते. आपल्याकडं औषधाच्या दुकानातला पुढचा संवाद ठरलेला असतो.

"दादा, लघवीला लई जळजळ होत्या, कायतरी गोळी द्या की."

"किती दिवस झालं वहिनी?"

"झालं की तीन-चार दिवस."

पाच दिवसांच्या गोळ्या कागदाच्या पुडीत घालून हातात पडतात. शेवटची पाळी कधी आली होती, हे काउंटरच्या अलीकडचं कुणी सांगत नाही आणि पलीकडचं कुणी विचारत नाही. पुढं महिनाभरानं तपासणीत दिवस गेल्याचं कळतं, आणि मग पोटात गोळा येतो: "मी तेव्हा गोळ्या खाल्ल्या होत्या, बाळाला काही होईल का?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस मला धोकादायक वाटतो, मग तो "काही होत नाही" म्हणो किंवा "अँटिबायोटिकला हातच लावू नका" म्हणो. उत्तर तीन गोष्टींवर ठरतं. औषध कोणतं होतं, गर्भ कितव्या आठवड्यात होता आणि औषध कशासाठी घेतलं होतं.

औषध बाळापर्यंत पोचतं का?

पोचतं. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त वारेत (प्लासेंटात) एकमेकांच्या अगदी जवळून वाहतं, मिसळत मात्र नाही. पण औषधाचे कण लहान असतात, ते पलीकडं जातात. काही अँटिबायोटिक भरपूर जातात, काही थोडी.

हे जाणं नेहमी वाईटच असतं असं समजू नका. आईला सिफिलिस हा गुप्तरोग असेल तर तो वारेतून बाळात उतरतो आणि त्याची हाडं, यकृत, मेंदू पोखरतो. त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. ते आईच्या रक्तातून वार ओलांडतं आणि पोटातल्या बाळालाही बरं करतं. गर्भारपणात या रोगाला पेनिसिलिनशिवाय दुसरा खात्रीचा उपाय नाही. इतका, की पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या बाईलाही दवाखान्यात दाखल करून, थेंबाथेंबानं मात्रा वाढवत, तिच्या शरीराला त्याची सवय लावून मग तेच औषध देतात.

आता आठवड्यांचं बघूया. भात लावणाऱ्या माणसाला हे चटकन समजेल. लावणीला धो-धो पाऊस हवाच असतो, पण तोच पाऊस पीक फुलोऱ्यात असताना झोडपून गेला तर दाणा पोचट निघतो. पाऊस तोच, पिकाची अवस्था वेगळी. गर्भाचंही तसंच आहे. गर्भ राहिल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत इजा झालीच तर बहुधा गर्भ टिकतच नाही, किंवा तो पूर्ण सावरतो. याच मोजणीनं तिसऱ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत हृदय, हात-पाय, डोळे, ओठ यांची घडण चालते. रचनेतले मोठे दोष याच काळात येतात. टाळू आणखी थोडी उशिरा जुळते.

तीन महिने झाले की सुटलो, अशी समजूत आपल्याकडं घट्ट आहे. ती अर्धीच खरी आहे. दुधाच्या दातांत कॅल्शियम भरायला चौथ्या महिन्यात सुरुवात होते. रक्त गाळणारे नेफ्रॉन मूत्रपिंडात, शेवटच्या पाळीपासून मोजलं तर, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होत राहतात. प्रत्येक मूत्रपिंडात ते सरासरी १० लाखांच्या आसपास असतात. माणसामाणसात ही संख्या खूप वेगळी असते, पण जन्मताना जेवढे मिळाले तेवढ्यावरच आयुष्य काढायचं असतं, नवे होत नाहीत. मेंदूचं काम तर जन्मानंतरही वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणून दिवस भरत आले तरी "आता काय होतंय" म्हणून औषध घेता येत नाही.

कुठल्या औषधाचा कुठं परिणाम

सगळ्यात ठळक उदाहरण स्ट्रेप्टोमायसिनचं. १९४३ साली ते सापडलं आणि क्षयरोगावर पहिल्यांदाच हातात हत्यार आलं. गर्भवती बायकांनाही ते दिलं गेलं, आणि त्यांच्यातल्या काहींची मुलं जन्मतः बहिरी निघाली. आतल्या कानात केसांसारखे बारीक तुरे असलेल्या पेशी असतात. आवाजाच्या कंपनांचं मज्जातंतूच्या संदेशात रूपांतर त्या करतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्याच घराण्यातलं कॅनामायसिन त्या पेशी मारतं, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून गर्भवतीच्या क्षयरोगावर आज स्ट्रेप्टोमायसिन वापरत नाहीत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल ही औषधं मात्र गर्भारपणातही देतात, आणि ती बंद करणं बाळासाठी जास्त घातक असतं. गावाकडं "पोटात बाळ आहे, टीबीच्या गोळ्या सोड" असा सल्ला देणारी माणसं असतात. त्यांचं ऐकू नका.

याला जोडून एक गोष्ट सांगायलाच हवी. काही घराण्यांत आईकडून मुलांकडं जाणारा एक जनुकीय दोष असतो. तो असला तर या औषधांच्या थोड्या मात्रेनंही ऐकू येणं जातं. तुमच्या आईच्या बाजूला, मामा, मावशी, आजी यांच्यात, "इंजेक्शन घेतलं आणि कान गेले" असं कुणी सांगत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. जेंटामायसिन त्याच घराण्यातलं आहे. माणसांत त्यानं गर्भाचे कान गेल्याचं क्वचितच दिसलंय, पण गाभण उंदरांना दिल्यावर पिलांच्या मूत्रपिंडातले नेफ्रॉन कमी भरले. रक्तात जंतू पसरले असतील तर डॉक्टर ते देतातही, कारण तिथं आईचा जीव वाचवायचा असतो.

दुसरं टेट्रासायक्लिन. ते कॅल्शियमला चिकटतं, आणि बाळाच्या शरीरात जिथं कॅल्शियम भरलं जात असतं तिथं, म्हणजे हाडांत आणि दातांत, जाऊन बसतं. चौथ्या महिन्यानंतर घेतलं तर मुलाचे दुधाचे दात पिवळे-तपकिरी येतात, आणि घासून तो रंग जात नाही. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांपेक्षा नंतरच इथं सांभाळायला हवं. डॉक्सिसायक्लिन त्याच्याच भावकीतलं, पण कॅल्शियमला ते कमी चिकटतं. दातांवरचा त्याचा परिणाम पूर्वी मानत तेवढा मोठा दिसत नाही. तरीही दुसरा पर्याय असेल तर गर्भवतीला ते देत नाहीत.

तिसरं ट्रायमेथोप्रिम, जे सल्फाबरोबर एकत्र करून को-ट्रायमोक्साझोल म्हणून विकलं जातं. घरोघरी ते सेप्ट्रान नावानं ओळखीचं आहे. जंतूंना वाढायला फॉलिक ॲसिड लागतं, आणि त्याच कामात हे औषध अडथळा आणतं. अडचण अशी की मेंदू-मणक्याची नळी बंद व्हायलाही फॉलिक ॲसिडच लागतं. आशाताई गर्भवतीला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात त्या त्यासाठीच. एकीकडं ती गोळी आणि दुसरीकडं तिलाच अडवणारी गोळी, असं पहिल्या तिमाहीत होऊ देऊ नये. मणक्याचे, हृदयाचे आणि दुभंगलेल्या ओठांचे दोष या औषधाशी जोडले गेलेत. त्यातला सल्फा दिवस भरत आल्यावर नको, कारण नवजात बाळाची कावीळ मेंदूपर्यंत जाण्याची भीती असते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन या घराण्यानं कुत्र्याच्या पिलांच्या सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, खराब केली. माणसांच्या बाळांत तसं ठळकपणे दिसलेलं नाही, तरी गर्भवतीला ती शेवटचा पर्याय म्हणूनच देतात. आपल्याकडं साधे जुलाब लागले तरी यातलंच एखादं औषध दुसऱ्या औषधाशी जोडून केलेली गोळी हातात पडते. बहुतेक जुलाबांना मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस पुरतं, आणि तेवढ्यासाठी ही गोळी गर्भवतीनं घेण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

उरली पेनिसिलिन घराण्यातली, म्हणजे ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन वगैरे, आणि सेफॅलेक्सिनसारखी "सेफ"नं सुरू होणारी औषधं. दशकानुदशकं लाखो गर्भवतींनी ती घेतलीत आणि मोठे जन्मदोष वाढल्याचं दिसलेलं नाही. डॉक्टर पहिला हात यांच्याकडंच नेतात.

अझिथ्रोमायसिन: एकच गोळी, तीन निष्कर्ष

घसा दुखला, ताप आला की तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिन, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या मॅक्रोलाइड घराण्यावर २०२० साली ब्रिटनमधून एक मोठा अभ्यास आला. पहिल्या तिमाहीत मॅक्रोलाइड घेतलेल्या आयांच्या दर १००० मुलांत सुमारे २८ मुलांना मोठे दोष आढळले, आणि पेनिसिलिन घेतलेल्यांच्या १००० मुलांत सुमारे १८. हृदयाच्या दोषांत फरक विशेष दिसला. बातम्या झाल्या, घबराट झाली. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधल्या देशभराच्या नोंदींवरून तसाच अभ्यास झाला आणि त्यात असा कुठलाच वाढीव धोका दिसला नाही.

तिसरा निष्कर्ष आपल्या घरातला आहे, तरी बेळगावातच तो फारसा कुणाला माहीत नाही. प्रसूतीच्या कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच डोस दिला, तर आईचा जंतुसंसर्ग टळतो का, हे सात देशांतल्या २९ हजारांहून जास्त बायकांवर तपासलं गेलं. भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक बेळगाव होतं, दुसरं नागपूर. २०२३ साली निष्कर्ष आले. रक्तात जंतू पसरणं किंवा मृत्यू, हे औषध घेतलेल्या आयांमध्ये १.६ टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये २.४ टक्के होतं. म्हणजे जवळपास एक तृतीयांशानं कमी. बाळांना त्याचा फायदा झाला नाही आणि त्यांच्यातलं मृत्यूचं वा संसर्गाचं प्रमाण वाढलंही नाही.

सहाव्या आठवड्यात ज्या गोळीबद्दल विचार करावा लागतो, तीच चाळिसाव्या आठवड्यात आईला वाचवते. आपल्या आसपासच्या बायकांनी या अभ्यासात भाग घेतला म्हणून जगाला हे कळलं. त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

वेळेच्या आधी कळा आलेल्या बायकांवरचा एक जुना ब्रिटिश अभ्यास मात्र उलट दिशेचा आहे. पाणमोट फुटलेली नाही, संसर्गाचं लक्षण नाही, तरी "असू दे" म्हणून अँटिबायोटिक दिलं तर काय होतं? त्या मुलांची सातव्या वर्षी पालकांकडून माहिती घेतली, तेव्हा सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर येणारं अपंगत्व, अझिथ्रोमायसिनच्याच घराण्यातलं एरिथ्रोमायसिन आईला मिळालेल्या गटात ३.३ टक्के आणि न मिळालेल्या गटात १.७ टक्के निघालं. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. पाणमोट फुटलेल्या बायकांच्या मुलांत असा फरक नव्हता. गरज नसताना दिलेलं औषध निरुपद्रवी असतं, हा समज त्या दिवशी संपायला हवा होता.

उंदीर आणि भावंडं

मोबाइलवर येणाऱ्या बातम्यांत हल्ली "अँटिबायोटिकनं बाळाचे अवयव बिघडतात" असं वाचायला मिळतं. त्यातले बरेच प्रयोग उंदरांवरचे असतात. गाभण उंदरांना ॲमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिन दिल्यावर पिलांची हाडं, कूर्चा, मूत्रपिंड अशा अवयवांत बदल दिसलेत. डोस किती, कोणत्या टप्प्यात आणि किती दिवस, यावर ते बदलत जातात. नर आणि मादी पिलांतही फरक पडतो. २०२० साली आणखी एक गोष्ट पुढं आली. अँटिबायोटिक देऊन उंदरिणीच्या आतड्यातले जंतू संपवले, तर पिलांच्या मेंदूतल्या काही जोडण्या नीट वाढल्या नाहीत. आतड्यातले चांगले जंतू जे पदार्थ तयार करतात, ते आईच्या रक्तातून गर्भापर्यंत जातात आणि मेंदूच्या वाढीला लागतात, असं त्यावरून दिसतं. म्हणजे औषध गर्भाला थेट न शिवताही परिणाम करू शकतं.

हे गांभीर्यानं घ्यायचं, पण उंदराचं गर्भारपण अवघ्या तीन आठवड्यांचं असतं. तिथले निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. माणसांत कसं फसायला होतं ते स्वीडनमधल्या अभ्यासात दिसतं. जवळपास ५ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. गर्भारपणात अँटिबायोटिक घेतलेल्या आयांच्या मुलांत दम्याचं प्रमाण जास्त आलं. मग संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच आईचं एक मूल असताना तिनं औषध घेतलं होतं, दुसऱ्याच्या वेळी नव्हतं. तिथं फरक नाहीसाच झाला. घर तेच, धूर तोच, आनुवंशिकता तीच. दम्याचं कारण गोळीत नसून घरात किंवा रक्तात असावं, असं त्यावरून निघतं.

औषध न घेतल्यानं काय होतं

भीतीपोटी गोळी न घेणारी बाई मला तितकीच काळजीची वाटते. गर्भारपणात मूत्रमार्ग सैल पडतो, वाढलेलं गर्भाशय त्यावर दाबतं, लघवी साचून राहते आणि जंतूंना वेळ मिळतो. त्यात उसाच्या फडात किंवा निपाणीत विड्या वळायला बसलेल्या बाईला लघवीला जायची सोय नसते, म्हणून ती पाणीच कमी पिते. हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो, कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात आणि बाळ कमी दिवसांचं जन्मतं. कमी दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं, मेंदू, मूत्रपिंडं सगळीच अपुरी राहिलेली असतात. पहिल्या काही आठवड्यांतला तीव्र ताप एकटाही मेंदू-मणक्याच्या नळीला बाधू शकतो. जळजळ नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. म्हणून पहिल्या तपासणीतच लघवीची कल्चर तपासणी करून घ्यावी. कोणत्या औषधाला तो जंतू दाद देतो, हेही त्यात कळतं, आणि अंदाजानं तीन औषधं बदलत बसावं लागत नाही.

सर्दी, साधा खोकला, विषाणूचा ताप यांना मात्र अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही.

कार्ड, पट्टी आणि सीमा

आपल्या भागाची एक अडचण वेगळीच आहे. सासर बेळगाव-खानापूरकडं आणि माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडं, असं घरोघरी असतं. पहिली तपासणी इकडं होते, कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे गर्भवतीच्या नोंदींचं कार्ड, मिळतं, ते कानडीत. सातव्या महिन्यात ओटी भरून पोरगी माहेरी जाते. तिथं मराठीतलं दुसरं कार्ड होतं. आधी कुठलं औषध कितव्या आठवड्यात दिलं, हे त्या दुसऱ्या कार्डावर बहुधा येतच नाही, आणि पलीकडच्या डॉक्टरांना कानडी नोंद वाचता येईलच असं नाही. गोळी कोणती आणि आठवडा कितवा, ही दोन्ही उत्तरं सीमेवरच हरवतात.

त्यावर साधा उपाय आहे. घेतलेल्या प्रत्येक गोळीच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढायचा, नाव आणि मिलिग्रॅम दिसतील असा. शेजारी सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, आणि शेवटच्या पाळीची तारीख. हा फोटो दोन्ही बाजूंना वाचता येतो. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. बहुतेक अँटिबायोटिकवर ती असते. कापून दिलेल्या दोन-चार गोळ्यांवर नाव उरत नाही, म्हणून पूर्ण नाव दिसेल असा तुकडा किंवा बिल मागून घ्या. मूल व्हायची वाट बघत असाल किंवा पाळी एक दिवस जरी पुढं गेली असेल, तर काउंटरवर आधी तेच सांगा. सासू-जाऊ बरोबर असल्या आणि सांगायला अवघड वाटलं, तर कागदावर लिहून द्या.

गोळी आधीच पोटात गेली असेल तर? घाबरून मूल पाडायचा विचार करू नका, आणि सुरू असलेलं औषध मनानं बंदही करू नका. कुठलंही औषध न घेतलेल्या आयांच्या १०० बाळांतही दोन-तीन बाळांना काहीतरी मोठा दोष असतोच. बहुतेक गोळ्यांनी त्यात पडणारी भर नगण्य असते किंवा नसतेच. औषधाचं नाव आणि तारखा घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जा, फॉलिक ॲसिड चालू ठेवा. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सविस्तर सोनोग्राफी चुकवू नका. पहिल्या तिमाहीत ट्रायमेथोप्रिम किंवा मॅक्रोलाइड गेलं असेल तर हृदयाची वेगळी सोनोग्राफी लागेल का, हे विचारून घ्या. आणि स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन यांतलं काही घ्यावं लागलं असेल, तर बाळ जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच त्याची कानांची तपासणी करा. ही तपासणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते, सुई टोचावी लागत नाही.